संवादाचे सेवक



महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आपल्या देवळाचा इतिहास इतर लेखक सांगतीलच. पहिली मिस्सा कोणाच्या पडवींत झाली, पहिले बाप्तिस्मे कोणाचे झाले, घंटा केव्हां आली, हें सर्व जुन्या माणसांच्या आठवणींतून व नोंदवह्यांतून गोळा झालें आहे. संपादकांनीं मजकडेही इतिहासाचाच विषय सोंपविला. परंतु दगडविटांच्या बांधकामाऐवजीं एका निराळ्या बांधकामाचा इतिहास मीं निवडला आहे. माणसामाणसांत पडलेल्या दरीवर पूल कसा बांधतात, आणि तो बांधणारे कारागीर कोठें व कसे तयार होतात, हा तो विषय होय.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत राहणाऱ्यास दरी म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याखालीं उसाचें बागाईत, आणि कालव्याच्या वर पावसाकडे डोळे लावून बसलेलें जिराईत. एकाच तालुक्याचे हे जणूं दोन देश. त्यांच्याही आंत गांव निराळें व वस्ती निराळी; एके काळीं पाणवठा निराळा, पंगत निराळी, मसणवटही निराळी. जळोची आतां बारामती नगरपरिषदेच्या हद्दींत आली आहे. रस्ते रुंद झाले, दिवे आले. तथापि मनांतल्या हद्दी मोजणीच्या दगडांप्रमाणें पुष्कळ ठिकाणीं जागच्या जागींच आहेत.

आरंभींच मी आपली एक चूक कबूल करतों. फार वर्षांपूर्वीं, मी तरुण असतांना, दुसऱ्या एका गांवीं माझी नेमणूक होती. उन्हाळा कडक होता. तेथील हातपंपावरून दोन वस्त्यांत भांडण जुंपलें; त्यांपैकीं एक वस्ती बहुतेक आपल्या ख्रिस्ती लोकांची. मीं दोन्ही वस्त्यांतील पुरुषांना चावडीसमोर जमविलें आणि शेजारप्रीतीवर चांगलें पाऊण तास भाषण केलें. सर्वांनीं माना डोलाविल्या. मी समाधानानें घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों पंपाचा दांडाच नाहींसा झालेला!

त्या सायंकाळीं एक म्हातारी बाई देवळाच्या पायरीशीं बसली होती. ती म्हणाली, “फादर, तुमी लई बोलला, पर इचारलं कुणालाच न्हाई.”

तें वाक्य माझ्या काळजांत रुतलें. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविलें होतें, धर्मशास्त्र शिकविलें होतें, प्रवचन कसें करावें हेंही शिकविलें होतें. परंतु ऐकण्याची विद्या मीं तेथून बरोबर आणली नव्हती. नंतर महिनाभर मी घरोघर जाऊन बसलों व नुसते प्रश्न विचारले. तेव्हां कळलें कीं, पाण्याचें भांडण पाण्याचें नव्हतेंच. तीन वर्षांपूर्वीं एका वरातीला गांवच्या रस्त्यानें जाऊं दिलें नव्हतें. त्या अपमानाचें तें भांडण होतें. पंप पुढें चालूं झाला. वरातीच्या वाटेचा प्रश्न सुटण्यास मात्र आणखी दोन वर्षें गेलीं, आणि तो माझ्या भाषणानें सुटला नाहीं. दोन्ही वस्त्यांतील चार-पांच समंजस स्त्रीपुरुषांनीं तो सोडविला. त्या दिवसापासून मी शोध घेत आलों कीं, असें काम करणारीं माणसें जगांत कोठें कोठें झालीं व त्यांना तें कोणी शिकविलें. त्या शोधाचें सार येथें मांडतों. अशा माणसांना मी ‘संवादसेवक’ म्हणेन; कारण ते पंच नव्हेत, वकील नव्हेत आणि उपदेशकही नव्हेत. निवाडा देणें हें त्यांचें काम नव्हे. दोन्ही पक्षांनीं एकमेकांचें म्हणणें खरोखर ऐकावें अशी जागा तयार करणें, एवढेंच त्यांचें काम. आणि तें दिसतें तितकें सोपें नाहीं.

आम्हां ख्रिस्ती लोकांस या विद्येचा पहिला धडा एका विहिरीच्या कांठीं मिळाला आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत प्रभु येशू शोमरोनी स्त्रीशीं बोलतो ती कथा आपण वर्षानुवर्षें ऐकतों; परंतु आमच्या मुलखांतील माणसानें ती नीट कान देऊन ऐकावी. यहुदी व शोमरोनी यांच्यांत विटाळ होता. एकमेकांचीं भांडीं ते वापरीत नसत. प्रभूनें तिला आधीं उपदेश केला नाहीं. तिच्या हातचें पाणी मागितलें. जो देणार होता तोच आधीं मागणारा झाला. मग तिनें प्रश्न विचारले, शंका काढल्या, जातीचा वाद पुढें केला, पूर्वजांचा अभिमान सांगितला. आणि प्रभूनें तिला मध्येंच थांबविलें नाहीं. संवादसेवकाची सारी विद्या या एका प्रसंगांत सांठविलेली आहे असें मला वाटतें.

आपल्या मराठी भाषेंतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथही प्रश्नोत्तरांतूनच उभा राहिला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९ सालीं इंग्लंडांत जन्मले व १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्यांत पाद्रीगुरु कथा सांगतो व श्रोते त्यास प्रश्न विचारतात. श्रोत्यांच्या तोंडीं शंका घालण्यास कवीला भय वाटलें नाहीं. त्या काळच्या गोव्यांत देवळें पाडलीं गेलीं व सक्तीही झाली, हें आपण विसरूं नये. तो इतिहास भूषणावह नाहीं. परंतु त्याच काळांत एका परदेशी धर्मगुरूनें लोकांची भाषा, त्यांची ओवी व त्यांचे प्रश्न आपलेसे केले, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. दुसऱ्याची भाषा शिकणें ही संवादाची पहिली पायरी. ती त्यांनीं चढून दाखविली.

आतां आपल्या काळाकडे वळूं. महाराष्ट्रांत पाणी व माणुसकी यांचा संबंध सांगतांना महाडचें नांव टाळतां येत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथील चवदार तळ्याचें पाणी आपल्या अनुयायांसह प्राशन केलें. तो संवाद नव्हता, सत्याग्रह होता. आणि तो सत्याग्रह असणेंच योग्य होतें. जेथें एकाच्या मानेवर दुसऱ्याचा पाय आहे तेथें आधीं पाय काढावा लागतो. गोड बोलणें मागाहून. पुढें १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांनीं ‘एक गांव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. कायद्यानें अस्पृश्यता १९५० च्या राज्यघटनेंत नष्ट झाली होती व १९५५ चा कायदाही होता. तरी गांवोगांव विहिरी दोन होत्या. कार्यकर्ते गांवांत जात, विहिरी कोणाच्या व पाणी कोण भरतें हें पाहत, दोन्ही बाजूंच्या लोकांशीं बोलत, आणि सर्वांनीं एका पाणवठ्यावर यावें असा आग्रह धरीत. कायदा दार उघडतो. परंतु उंबरठा ओलांडण्यास कोणीतरी हात धरावा लागतो, हें या चळवळीनें शिकविलें.

दुसरी दरी धर्माची. तिची कथा भिवंडीची आहे, आणि ती मी जरा विस्तारानें सांगतों.

भिवंडी हें ठाणें जिल्ह्यांतील यंत्रमागांचें शहर. मोमीन विणकर, कोंकणी मुसलमान, आगरी, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशांतून आलेले कामगार असे कितीतरी समाज तेथें दाटीनें राहतात. १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं तेथें मोठी दंगल उसळली. जळगांव व महाड येथेंही दंगे झाले. तिन्ही ठिकाणच्या प्रकारांची चौकशी न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें केली. १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडी पुन्हां पेटली आणि ती आग ठाणें-मुंबईपर्यंत पसरून शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. भिवंडी म्हणजे दंगल, असें समीकरणच होऊन बसलें.

१९८८ सालीं तेथें सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. (पुढें २०१४ सालीं त्यांनीं आपल्या बारामती मतदारसंघांतून लोकसभेची निवडणूक लढविली, म्हणून हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.) शांतता समित्या पूर्वींही असत, परंतु त्या दंगल उसळल्यावर जागा होणाऱ्या, व पुढारी म्हणविणाऱ्या मोजक्या माणसांच्या. खोपडे यांनीं रीत पालटली. त्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सुमारें सत्तर झाली. त्यांत हिंदु व मुसलमान दोघेही घेतले, आणि नांवाजलेल्या पुढाऱ्यांपेक्षां रोजच्या व्यवहारांतलीं साधीं माणसें पुढें आणलीं. मुख्य म्हणजे या समित्या शांततेच्या काळांत भरत. मोहल्ल्यांतलीं नित्याचीं गाऱ्हाणीं व शेजाऱ्यांचीं किरकोळ भांडणें यांवर तेथें बोलणें होई, आणि त्या भागाचा पोलीस तेथें ऐकावयास बसे. अशा क्षुल्लक बोलण्यांतून माणसें एकमेकांचीं नांवें शिकलीं. अफवा आली तर ती खरी कीं खोटी हें कोणाच्या घरीं जाऊन विचारावें, हें प्रत्येकास ठाऊक झालें.

मग कसोटीचा दिवस आला. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली आणि देशभर आग लागली. मुंबईंत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन पर्वांत, न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें, ९०० माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदु होते. त्याच दिवसांत, मुंबईपासून थोड्याच अंतरावरील भिवंडी शांत राहिली. जिचें नांव घेतांच लोक दचकत तें शहर शांत, आणि जिच्या शहाणपणाचा देशाला अभिमान ती मुंबई जळत होती! प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनीं भारतांतील सहा शहरांचा अभ्यास करून २००२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांचा निष्कर्ष असा कीं, नुसत्या शेजारच्या ओळखीपेक्षां जेथें दोन्ही समाजांच्या लोकांच्या एकत्र संस्था असतात तेथें शांतता अधिक टिकते. भिवंडीच्या समित्यांना हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो.

मुंबईनें हा धडा जळल्यावर घेतला. १९९४ च्या सुमारास पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्यूलियो रिबेरो, उद्योगपति एफ. टी. खोराकीवाला व सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांनीं मुंबईंत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. एक गोव्याकडील कॅथोलिक, एक मुसलमान, एक महाराष्ट्रीय हिंदु बाई आणि शहराचा पोलीस आयुक्त अशी ती जोडणी होती. वस्तीवस्तींत बैठका झाल्या. मुलांचे क्रिकेटचे सामने भरूं लागले. धारावींत भाऊ कोर्डे व वकार खान या दोन मित्रांनीं पुष्कळ काम केलें. त्यांच्यावर २००३ सालीं ‘नाता’ नांवाचा माहितीपटही निघाला. वकार खान यांनीं काढलेल्या एका चित्रफलकावर हिंदु, मुसलमान, शीख व ख्रिस्ती अशा वेषांतील चार मुलें दाखविलीं आहेत. आपणही त्या चौघांपैकीं एक आहों, हें आपण ख्रिस्ती लोक कधीं कधीं विसरतों. दोन मोठ्या समाजांचें भांडण चालूं असतां आपण दार लावून घरांत बसतों व म्हणतों, “आपला काय संबंध?” संबंध आहे. ज्याचें भांडण नाहीं, त्यालाच दोन्ही घरांत पाणी पितां येतें.

आतां प्रश्न असा कीं, अशीं माणसें तयार कशीं होतात? तीं आपोआप उगवत नाहींत. सुशोभा बर्वे यांचेंच उदाहरण घ्या. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत पांचगणी येथें ‘एशिया प्लॅटो’ नांवाचें केंद्र आहे. महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी यांच्या पुढाकारानें तें १९६८ सालीं उघडलें. ज्या चळवळीचें तें केंद्र, तिच्याशीं बर्वे यांचा दीर्घकाळ संबंध होता. अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांनीं १९३८ सालीं सुरू केलेल्या या चळवळीचें मुख्य तत्त्व असें: जगांत पालट हवा असेल तर तो आधीं आपल्यांत करावा, आणि त्यासाठीं रोज कांहीं वेळ मौन धरून अंतःकरणाचा आवाज ऐकावा. स्वित्झर्लंडांत को या गांवीं तिचें जें केंद्र आहे, तेथें १९४७ सालीं एक प्रसंग घडला. इरेन लोर नांवाची फ्रेंच बाई, जर्मनांच्या ताब्यांतील फ्रान्समध्यें त्यांच्याविरुद्ध झगडलेली. सभेंत जर्मन आलेले पाहतांच ती निघून जाण्यास सिद्ध झाली. परंतु ती थांबली, स्वतःशीं झगडली, आणि शेवटीं जर्मनांसमोर उभी राहून तिनें आपल्या मनांतील द्वेषाबद्दल क्षमा मागितली. अन्याय जर्मनांनीं केला होता. तिनें तो नाकारला नाहीं. परंतु आपला द्वेष तिनें स्वतःच्या नांवावर घेतला. पुढें तिनें जर्मनींत फिरून अनेकांसमोर हेंच सांगितलें. ज्यानें आपल्या अंतःकरणाची झाडलोट केली नाहीं, त्यास दुसऱ्यांच्या अंगणांत बैठक मांडतां येत नाहीं; ही या शिक्षणाची पहिली इयत्ता.

आपली पवित्र सभाही या बाबतींत रिकाम्या हाताची नाहीं. पोप पॉल सहावे यांनीं ६ ऑगस्ट १९६४ रोजीं काढलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रांत संवादाचें सविस्तर विवेचन केलें आणि त्याचे चार गुण सांगितले: स्पष्टता, सौम्यता, विश्वास व विवेक. त्याच वर्षीं डिसेंबरांत ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेस आले व तेथें इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांविषयींचें आपलें घोषणापत्र प्रसिद्ध केलें. पुण्यांत शनिवार पेठेंत येशूसंघीयांच्या ‘स्नेहसदना’मध्यें जर्मन फादर मॅथ्यू लेडर्ले यांनीं या वृत्तीनें काम केलें, पेठेंतील विद्वानांजवळ बसून त्यांनीं महाराष्ट्राचें तत्त्वचिंतन समजून घेतलें व १९७६ सालीं त्यावर ग्रंथही लिहिला. आणि ज्या १९९२ सालाच्या अखेरीस मुंबई जळाली, त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणादिवशीं, मोझांबिक देशांतील यादवी रोममध्यें मिटली. सरकार व बंडखोर यांच्यांत दोन वर्षांहून अधिक काळ बोलणीं चालविलीं तीं कोणा महासत्तेनें नव्हे. सान्त एजिदिओ नांवाच्या कॅथोलिक प्रापंचिकांच्या मंडळानें, बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस यांच्या साहाय्यानें. त्यांच्यापाशीं सैन्य नव्हतें, पैसा नव्हता. त्यांच्यापाशीं एक जुना मठ, बसावयास खुर्च्या व न संपणारी सहनशीलता होती.

या सर्व उदाहरणांतून शिक्षणाचा जो क्रम हातीं लागतो, तो आतां सांगतों. अमेरिकेचे मुत्सद्दी हॅरल्ड साँडर्स हे १९७८ च्या कँप डेव्हिड कराराच्या वेळीं वाटाघाटींत होते. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सरकारें करार करतात, परंतु संबंध माणसांनाच सुधारावे लागतात. १९९३ च्या मार्चपासून त्यांनीं ताजिकिस्तानांतील यादवींत परस्परांविरुद्ध असलेल्या माणसांची बैठक वारंवार भरविली. जून १९९७ मध्यें तेथें शांतता करार झाला, व त्या बैठकींतील कांहीं माणसें सरकारी वाटाघाटींतही होतीं. या अनुभवावरून त्यांनीं पांच पायऱ्या सांगितल्या. पहिली, बसण्याचा निश्चय करणें. दुसरी, प्रश्न कोणकोणते हें मांडून त्यांना नांव देणें. तिसरी, प्रश्नांच्या मुळाशीं असलेले संबंध, म्हणजे भीति, अपमान व जुनी सल, तपासणें. चौथी, पुढें काय काय करतां येईल याची आंखणी. पांचवी, तें बरोबर मिळून करणें. मीं चावडीसमोर पहिली पायरीही न चढतां एकदम पांचवीवर उडी मारली होती. मग पाय मोडला तर नवल काय? वरातीचा सल ही तिसरी पायरी होती, आणि तिचें नांवही मला ठाऊक नव्हतें.

आणि बैठक चालवावी कशी? याचें एक उत्तर आपल्या धर्मसभेनेंच दिलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें रोम येथें भरलेल्या सिनडमध्यें कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी व प्रापंचिक स्त्रीपुरुष वाटोळ्या मेजांभोंवतीं दहा-बारा जणांचे गट करून बसले. प्रत्येक मेजाशीं एक संवादसेवक होता. तीन फेऱ्या असत. पहिल्या फेरींत प्रत्येकानें प्रार्थनेंतून सुचलेलें आपलें म्हणणें ठरलेल्या वेळांत सांगावें. कोणीं उत्तर देऊं नये. मग मौन. दुसऱ्या फेरींत स्वतःचें मत न रेटतां, इतरांच्या बोलण्यांतून मनाला काय भिडलें तें सांगावें. पुन्हां मौन. तिसऱ्या फेरींत सर्वांनीं मिळून मेळ कोठें आहे, मतभेद कोठें आहेत व पुढचें पाऊल कोणतें, हें पाहावें. दुसरी फेरी ऐकावयास साधी वाटते. परंतु एकदां करून पाहा. दुसऱ्याचें म्हणणें त्याच्या समाधानाप्रमाणें आपल्या तोंडून सांगणें, हें उपवासापेक्षां कठीण व्रत आहे.

माझ्या अल्प अनुभवानें मी यांत चार गोष्टींची भर घालतों. बैठकीपूर्वीं प्रत्येक पक्षाच्या घरीं स्वतंत्रपणें जावें व मुकाट्यानें ऐकावें. संवादसेवक एकटा नसावा. दोन असावेत, दोन्ही बाजूंचे. स्त्रियांचें म्हणणें आधीं निराळें ऐकावें, कारण पाणी त्या भरतात व पुरुषांच्या सभेंत त्यांचा आवाज उमटत नाहीं. आणि बोलणाऱ्यानें “तुम्ही लोक” हे दोन शब्द टाळून “मला असें वाटलें, माझ्या बाबतींत असें घडलें” एवढेंच सांगावें. कोणीही माणूस आपल्या जातीचा अथवा धर्माचा वकील म्हणून आला तर तो हरण्यास भितो. शेजारी म्हणून आला तर बोलूं लागतो.

येथें एक आक्षेप मीं स्वतःच घेतला पाहिजे. संवाद, संवाद म्हणून अन्यायावर पांघरूण घालणारेही पुष्कळ असतात. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याला बैठक नेहमीं आवडते. त्यायोगें दिवस जातात. ज्याचें घर जळलें त्याला “जरा बसून बोलूं” असें सांगणें ही थट्टा आहे. मुंबईच्या दंगलींतील दोषींना शासन होणें ही वेगळी व अवश्य गोष्ट होती, आणि ती पुरी झाली असें प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं. म्हणून मी असें मानतों कीं, संवाद न्यायाच्या ऐवजीं नसतो. न्यायाकडे जाण्याची वाट माणसांना दिसावी व न्याय झाल्यावर पुन्हां शेजारीं राहतां यावें, यासाठीं तो असतो. महाडचें तळें आधीं खुलें व्हावें लागतें. मग एका पाणवठ्यावर भांडीं घासतां घासतां गोष्टी निघतात.

आणि आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहूं या. डिसेंबर २०१६ मध्यें भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांच्या उन्नतीविषयींचें धोरण जाहीर केलें, आणि पवित्र सभेच्या आंतही जातिभेद शिरला आहे हें त्यांत मान्य केलें. हें वाचून आपण दूरच्या प्रांतांकडे बोट दाखवूं नये. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारीं आपलीं घरें सोयरीक जुळवितांना एकदम जुन्या वहीचीं पानें उलटूं लागतात. कोणाचे आजोबा कोणत्या वाड्यांतून आले, हें बाप्तिस्म्याच्या पाण्यानें पुसलें जावयास हवें होतें. तें पुसलें गेलें नाहीं. मी हें कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. अशा सोयरिकींच्या वेळीं मीही कांहीं वेळां गप्प राहिलों आहें, आणि तें मौन प्रार्थनेचें नव्हतें.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं माझी एक सूचना आहे. कमान बांधावी, दिव्यांची आरास करावी, पंगत बसवावी. हें सर्व योग्यच आहे. परंतु त्याबरोबर आपण बारा माणसें निवडूं या. सहा स्त्रिया व सहा पुरुष, निरनिराळ्या वस्त्यांतील, बागाइतांतील व जिराइतांतील, वृद्ध व तरुण. वर्षभर महिन्यांतून एकदां त्यांनीं एकत्र बसून वर सांगितलेल्या तीन फेऱ्यांचा अभ्यास करावा. आरंभ आपल्याच घरापासून करावा: सोयरिकीचा प्रश्न, देवळांतील मानपानाचा प्रश्न. मग त्यांनीं शेजारच्या हिंदु, मुसलमान व बौद्ध बांधवांपैकीं ज्यांना अशी आवड आहे त्यांना बोलवावें. किंवा त्याहून बरें, आपण त्यांच्या घरीं जावें. भांडण नसतांना जावें. भिवंडीचा मुख्य धडा तोच आहे: दंगलीच्या रात्रीं ओळख करून घेतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, बारा माणसांनीं काय होणार? या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्ती माणसास दुसऱ्या कोणीं द्यावें असें नाहीं. बारा हा आकडा आपल्या ओळखीचा आहे.

ती म्हातारी बाई आतां देवाघरीं आहे. तिच्या वस्तीवरचा पंपही कधींच काढून टाकला गेला. तेथें आतां नळ आला आहे. परंतु उन्हाळ्यांत मी कोठेंही तहानेलेला दारांत उभा राहिलों कीं, तिचें वाक्य आठवतें, आणि मी आधीं पाणी मागतों. मग बोलणें आपोआप सुरू होतें.

शोमरोनाच्या विहिरीवर तहानेलेला बसलेला प्रभु आपणां सर्वांस ऐकणारे कान व मागण्याची नम्रता देवो, आणि या महोत्सवाचें वर्ष आपल्या जळोचीच्या परिसरांत सलोख्याचें वर्ष ठरो. आमेन.